नऊ दिवस घराबाहेर, घरात दोन ससे

आलेले पत्र: आमच्या घरी कापशी आणि राखुंडी असे दोन ससे आहेत, दोन्ही माद्या, चार वर्षांच्या, एकत्रच वाढलेल्या. त्यांच्याखेरीज दोन गिनीपिग आणि मुलाचा एक हॅमस्टर आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी आम्ही सारे नऊ दिवसांसाठी पुणे आणि तिथून कोकणात जाणार आहोत. सासूबाई म्हणतात, चारा-पाणी भरपूर ठेवून कुलूप लावा. "जनावर शे ते, त्याले काय व्हस?" रानातले ससे उन्हातच तर राहतात, असेही त्या सांगतात. दिरांचे म्हणणे असे की सगळे पिंजरे गावी आमच्या मातीचे छत असलेल्या धाब्याच्या घरात आणून ठेवावेत. शेजारच्या काकू प्रेमाने "मी बघते" म्हणाल्या आहेत, पण आखाजीला त्यांच्या दोन्ही मुली नातवंडांसह माहेरी येतात. माझ्या चुलत भावाचा मुलगा कॉलेजात आहे, तो रात्री येऊन झोपायला तयार आहे. धुणीभांडी करणाऱ्या मावशी नदीपलीकडच्या पैलाडहून रोज येतात, पण त्यांच्या हाती नऊ दिवस घराची किल्ली देणे सासूबाईंना पटत नाही. मागच्या पावसाळ्यात राखुंडी आजारी पडली तेव्हा "हिन्या लेंड्या आज बारीक शेतस" असे मावशींनीच पहिल्यांदा सांगितले आणि आम्हाला वेळेवर डॉक्टरांकडे जाता आले. आता कोणाला सांगावे, काय सांगावे, पैसे द्यावेत की नाही? मुलाला हॅमस्टर सोबत न्यायचा आहे, तो न्यावा का? (एक वाचक, अमळनेर)

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच पत्रात, तेही तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात आहे. ज्या बाईंना फरशी पुसता पुसता लेंड्यांचा आकार बदललेला दिसला, त्यांच्याच हाती किल्ली द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत घरात पटवून देण्याचे काम तुमच्यावर येणार आहे, म्हणून त्यामागची कारणे जरा सविस्तर लिहिते.

ससा दिवसरात्र थोडे थोडे खात राहतो आणि त्याच्या आतड्याचा सगळा कारभार गवताच्या चोथ्यावर चालतो. चोथा पुढे सरकत राहिला तरच आतडे हलते. खाणे थांबले की ते मंदावते, वायू साचतो, पोट दुखू लागते, आणि दुखते म्हणून ससा आणखीच खात नाही. हे चक्र एकदा सुरू झाले की हिशेब तासांचा असतो, दिवसांचा नसतो. दहा-बारा तासांत ज्याने काही खाल्ले नाही, त्या सशाला 'सकाळपर्यंत बघू' असे म्हणून ठेवता येत नाही. त्यातून ससा हा शिकार होणारा प्राणी असल्याने दुखणे लपवतो. कुत्रा निदान कण्हतो. ससा मात्र कोपऱ्यात अंग आखडून डोळे अर्धवट मिटून बसतो, आणि नवख्या माणसाला वाटते की बिचारा किती शांत आहे. त्यामुळे त्याची प्रकृती सांगणाऱ्या दोनच गोष्टी आपल्या हाताशी उरतात: गवत किती संपले आणि लेंड्या किती व कशा पडल्या. निरोगी ससा दिवसाकाठी दोनशेहून अधिक लेंड्या टाकतो. त्या साधारण हरभऱ्याएवढ्या, गोल आणि कोरड्या असतात, आणि बोटाने मोडल्या तर आत गवताचा भुसा दिसतो. त्या बारीक झाल्या, वेड्यावाकड्या झाल्या, केसांच्या धाग्यात ओवल्यासारख्या माळेने पडू लागल्या किंवा अगदी मोजक्या दिसल्या, तर दुखणे सुरू झाले असे धरावे. मावशींनी नेमके हेच ओळखले होते. याखेरीज द्राक्षाच्या लहान घडासारख्या मऊ, चकचकीत लेंड्याही ससा टाकतो आणि त्या स्वतःच खातो. ते जुलाब नव्हेत, हे काळजी घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे. नाहीतर तुम्ही ताम्हिणी घाटात असताना घाबरलेला फोन यायचा.

मी जळगावात भाड्याच्या घरात राहत असताना माझ्याकडेही एक ससा होता. एका दिवाळीत चार दिवसांसाठी त्याला शेजारच्या कुटुंबाच्या भरवशावर ठेवून मी गावी गेले होते. माणसे खरोखर चांगली होती. रोज संध्याकाळी मी फोन करी आणि उत्तर मिळे, "मजेत आहे, वाटी अजून भरलेलीच आहे, काही कमी पडू दिलेले नाही." हे ऐकून मला बरे वाटत असे. वाटी भरलेली आहे याचा अर्थ त्यांनी 'पुरेसे आहे' असा घेतला आणि मीही तसाच घेतला. ससा जेवलेलाच नाही, हा अर्थ दोन्हीकडे कोणाच्या डोक्यात आला नाही. मी परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. शेजाऱ्यांना दोष देण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण मी त्यांना खायला घालायला सांगितले होते, बघायला सांगितले नव्हते.

आता सासूबाईंचे मुद्दे. रानातला ससा उन्हात राहतो, हे त्यांचे निरीक्षण चुकीचे नाही, पण तो ससा वेगळा. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला किंवा पडीक रानात दिसतो तो भारतीय रानससा, जाळीच्या सावलीत उघड्यावर राहणारा. आपण पाळतो ते ससे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या सशाचे वंशज आहेत, आणि तो ससा दिवसाचे ऊन जमिनीखालच्या बिळात काढतो. तुमच्या हॉलच्या फरशीला बीळ नाही. (रानससा पकडणे किंवा पाळणे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, दिरांच्या गावी कोणी हौसेने पिल्लू आणून दिले तर ते घेऊ नये.) कुलूप लावून जाण्याबद्दल सांगायचे तर, पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार मालकाचा अपराध ठरतो. परंतु घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला कायद्याचे कलम दाखवून काही साधत नाही. त्यापेक्षा त्यांना एवढेच विचारावे की, दावणीला चारा टाकून आणि हौद भरून नऊ दिवस गोठ्याला कुलूप लावून गेलेला एखादा शेतकरी त्यांनी पाहिला आहे का. गोठा जवळून पाहिलेल्या बाईला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधावे लागत नाही.

तुमच्या बाबतीत चाऱ्यापेक्षाही मोठी चिंता वैशाखातल्या दुपारची आहे. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणे आता कोणाला नवल वाटण्याजोगे राहिलेले नाही, आणि ससा तर खोलीचे तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की कासावीस होऊ लागतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्यामुळे नुसता पंखा लावून ठेवल्याने त्याचे फारसे भागत नाही, पंखा तीच तापलेली हवा त्याच्या अंगावर ढकलत राहतो. कूलर उपयोगी पडतो, मात्र समोरची खिडकी थोडी उघडी हवी आणि टाकीत पाणी हवे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत दिवसभर चालणारा कूलर टाकी किती लवकर रिकामी करतो, हे तुम्हाला सांगायला नको. टाकी कोरडी पडली की तो कूलर केवळ एक मोठा पंखा उरतो. पिंजरे वरच्या मजल्यावरच्या, स्लॅबखालच्या खोलीत मुळीच ठेवू नयेत. खालच्या मजल्यावरची, पश्चिमेकडून ऊन न लागणारी खोली निवडावी, खिडकीला वाळ्याचा पडदा किंवा ओले गोणपाट बांधावे, आणि पाणी नळीच्या बाटलीत न ठेवता मातीच्या दोन पसरट, जड परळांमध्ये ठेवावे. बाटलीच्या नळीतली गोळी अडकली तर बाटली बाहेरून भरलेलीच दिसते आणि ससा तहानलेला राहतो. मातीच्या भांड्यात पाणी गारही राहते आणि एक परळ कलंडला तरी दुसरा असतो. दोन-दोन किलोच्या दोन सशांना मिळून दिवसाला अर्धा लिटरपर्यंत पाणी सहज लागू शकते, या दिवसांत त्याहून जास्तच ठेवावे. फ्रीजरमध्ये पाण्याच्या सहा बाटल्या गोठवून ठेवा. त्यातल्या दोन फडक्यात गुंडाळून भर दुपारी पिंजऱ्यात ठेवल्या की ससे त्यांना टेकून पडतात, आणि संध्याकाळी त्या पुन्हा फ्रीजरमध्ये जातात.

यावरून फेऱ्यांची वेळही ठरते. ससे पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक खातात, म्हणून बहुतेक लोक सकाळ-संध्याकाळ कोणीतरी येऊन जावे अशी व्यवस्था करतात. दिवाळीत ती पुरते. वैशाखात धोक्याचा काळ बारा ते पाच असा असतो, आणि नेमका तेव्हाच घरात कोणी नसते. म्हणून सकाळ-संध्याकाळच्या जोडीला दुपारचीही एक फेरी हवी. तुमच्या चुलत भावाच्या मुलाचा प्रस्ताव मला म्हणूनच फारसा उपयोगाचा वाटत नाही. तो रात्री येऊन झोपेल, सकाळी आठला उठून निघून जाईल आणि घर सांभाळले गेले असे सर्वांना वाटेल. पण ज्या वेळी वीज जाते आणि कूलर बंद पडतो, त्या वेळी तो तिथे नसेल. त्याला झोपायला जरूर बोलवा, घराला त्याचा उपयोग आहे. सशांना त्याचा उपयोग एवढाच की रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर रिक्षा बोलावणारा एक धडधाकट माणूस हाताशी असेल.

दिरांच्या धाब्याच्या घराबद्दल मात्र मी थोडी द्विधा आहे, आणि ते लपवत नाही. जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचे धाबे असलेली खोली तुमच्या स्लॅबच्या घरापेक्षा नक्कीच थंड राहते, आणि तिथे वीज गेली तरी फरक कमी पडतो. तरीही मी नको म्हणेन. गावापर्यंतचा उन्हातला प्रवास, अनोळखी जागा, अंगणातली कुत्री, रात्री येणारे बोके आणि घुशी, हे सारे एकाच वेळी अंगावर आले तर घाबरून खाणे सोडणारे ससे मी पाहिले आहेत. शिवाय शेतकऱ्याच्या घरी जनावराला बांधावरचे हिरवे गवत आणून टाकण्याची पद्धत असते. कपाशीच्या किंवा केळीच्या शेताच्या बांधावर कोणते औषध कधी फवारले गेले, हे गवत कापणाऱ्याला दर वेळी ठाऊक नसते. गाय-बैल ज्यातून निभावून जातात त्यातून दोन किलोचा ससा निभावेलच असे नाही. कोवळ्या ज्वारीचा पालाही घालू नये; त्याने गुरे दगावतात, हे तुमच्या दिरांना तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.

काकूंच्या प्रेमाबद्दल शंका नाही, भीती त्या प्रेमाचीच आहे. आखाजीला मुली माहेरी आल्या, अंगणात झोका बांधला, सांजोऱ्या झाल्या, आमरस झाला, की घरात चार-सहा लहान मुले असणार; त्यातली दोन तरी "ससा उचलू का?" म्हणत तुमच्या दाराशी येणार, आणि एखादी पाहुणी कौतुकाने पुरणपोळीचा तुकडा पिंजऱ्यात टाकणार. सशाला चुकीच्या पद्धतीने उचलले तर तो मागच्या पायांनी इतक्या जोराने झटका देतो की त्याच्याच पाठीचा कणा मोडू शकतो. कान धरून तर त्याला कधीच उचलू नये. पुरणपोळी, पोळी, भाकरी, बिस्कीट, शेव, मुरमुरे यांतले काहीही त्याच्या पोटासाठी नाही. तेव्हा काकूंना खायला घालण्याचे काम देऊ नका, त्यांच्यावर दुसरे आणि तितकेच महत्त्वाचे काम सोपवा: दुपारी वीज गेली आणि अर्ध्या तासात आली नाही, तर मावशींना आणि तुम्हाला फोन करणे. भिंतीला भिंत लागून असलेल्या घराला वीज गेल्याचे लगेच कळते. नातवंडे मावशी असताना एकदा येऊन लांबून बघून गेली तरी चालेल, असे तुम्हीच आधी सांगून टाकलेत तर त्यांना नकार देण्याची वेळ मावशींवर येणार नाही. मोलकरणीने घरच्या पाहुण्या मुलांना अडवायचे ही फार अवघड गोष्ट आहे, आणि ती आपण तिच्यावर ढकलू नये.

राहता राहिल्या मावशी. किल्लीबद्दल सासूबाईंना वाटणारी काळजी मी क्षुल्लक मानत नाही. नऊ दिवस घर दुसऱ्याच्या हाती असणे कोणालाही जड जाते. पिंजरे हॉलमध्ये किंवा बाहेरून दार असलेल्या खोलीत आणावेत, स्वयंपाकघर आणि ती खोली उघडी ठेवून बाकीच्या खोल्यांना नेहमी बाहेरगावी जाताना लावता तशी कुलपे लावावीत, दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असावेत. हे मावशींवर अविश्वास म्हणून करायचे नाही. उद्या घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली तर पहिला संशय त्यांच्यावर येऊ नये, म्हणून ते त्यांच्याच हिताचे आहे, आणि त्यांना तसे सांगितले तर त्या समजून घेतील. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने किल्ली दिली तर उत्तम. त्यात दोघींचाही मान राहतो.

पैसे द्यावेत की नाही, असे तुम्ही विचारले आहे. द्यावेत, आणि आधी बोलून ठरवून द्यावेत. आपल्याकडे अशा कामाला 'एवढं तर बघशील ना' म्हणून गृहीत धरले जाते आणि परतल्यावर कोकणातून आणलेली आमसुले आणि फणसपोळी हातात ठेवून हिशेब मिटवला जातो. आमसुले जरूर आणा, पण तो मोबदला नव्हे. तुमच्याकडे भांडी नसलेल्या नऊ दिवसांचा त्यांचा नेहमीचा पगार कापू नका, आणि त्यावर दिवसाला तीन फेऱ्यांचे वेगळे पैसे द्या; पैलाडहून भर दुपारी यायचे असेल तर रिक्षाचे भाडे त्याहून वेगळे. निम्मी रक्कम निघण्यापूर्वी हातात ठेवावी. त्यांचीही लेक आखाजीला माहेरी येत असेल, तेव्हा आखाजीच्या दिवशी त्यांना पूर्ण सुट्टी द्या. तुम्ही त्या दिवशी घरी आहातच.

तुमच्या नऊ दिवसांत आणखी एक दिवस असा आहे ज्याचा विचार पत्रात दिसला नाही. आखाजी वैशाख शुद्ध तृतीयेची, आणि अमळनेरच्या संत सखाराम महाराजांचा रथ वैशाख शुद्ध एकादशीचा. म्हणजे तुमच्या सहलीच्या आठव्या दिवसाच्या आसपास बोरी नदीच्या पात्रात यात्रा भरलेली असेल, गावात माणसांचा पूर असेल, आणि पैलाडहून अलीकडे येणे-जाणे नेहमीसारखे सोपे नसेल. मावशींना स्वतःलाही रथाला हात लावायला जायचे असेल. त्या दिवशी संध्याकाळची फेरी दुपारच्या फेरीलाच जोडून साडेचार-पाचला उरकावी, गवत दुप्पट ठेवावे, आणि रात्री भाचा घरी असेल याची खात्री करून घ्यावी. वाजंत्री आणि फटाक्यांचा आवाज जिकडून येतो त्या बाजूची खिडकी लावून घ्यावी, पिंजऱ्यात एक पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवावे. घाबरलेला ससा आत जाऊन बसतो.

निघण्यापूर्वी निदान दोन वेळा तालीम घ्या. तालीम म्हणजे मावशींना समजावून सांगणे नव्हे. तुम्ही खुर्चीवर बसायचे, तोंड बंद ठेवायचे आणि सगळे काम त्यांना करू द्यायचे. कुठे अडते ते तेव्हाच कळते. तुम्ही भिंतीवर सुरेख अक्षरात सूचनांचा कागद लावाल, पण मावशींना तो वाचता येतो की नाही हे त्यांना चारचौघांत विचारू नका. त्यांच्या समोर एकदा काम करत तुमच्या बोलण्यासह मोबाइलवर चित्रफीत काढून त्यांना पाठवून द्या. सशांच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या वजन करून कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवा, दर दिवसाला दोघींची मिळून एक पुडी, आणि वर एक जादा. नाहीतर 'बिचाऱ्या उपाशी' म्हणून डब्यातून मूठ-मूठ घातली जाते, गोळ्यांनी पोट भरते आणि गवत तसेच पडून राहते. वाळलेले गवत मात्र कधीही कमी पडू देऊ नये; प्रत्येकीला तिच्या अंगाएवढा ढीग रोज, आणि त्यातले किती उरले ते सकाळी पाहूनच नवे टाकायचे. टिमोथी गवताची पाकिटे मागवत असाल तर आजच मागवा. लसूणघास मोठ्या सशाला रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम फार असते. हिरवा पाला म्हणून स्वच्छ धुतलेली कोथिंबीर, मुळ्याचा पाला, फवारणी नसलेल्या जागेवरची हरळी चालते. कांदा-लसूण आणि बटाटा, टोमॅटो, वांग्याची पाने चालत नाहीत. जळगाव जिल्ह्यात राहून केळे देऊ नका म्हणणे कठीण आहे, तेव्हा एक पातळ चकती, तीही दोन दिवसांआड.

मावशींनी तुम्हाला 'कसे आहेत' याचे उत्तर द्यायचे नाही. त्यांनी सकाळी झाडण्यापूर्वी कचऱ्याच्या ट्रेचा आणि उरलेल्या गवताचा एकेक फोटो पाठवायचा, संध्याकाळी पुन्हा तसाच. तुम्ही तो फोटो मोठा करून बघायचा. घरात वायफायचा कॅमेरा असेल तर लावा, पण लेंड्यांचा आकार त्यात दिसत नाही. त्याचा एक उपयोग मात्र वेगळाच आहे: दुपारी दोन वाजता कॅमेरा अचानक बंद पडला, तर तुमच्या घरची वीज गेली असण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा काकूंना फोन लावा.

उष्माघाताची लक्षणे मावशींना आणि भाच्याला, दोघांनाही माहीत हवीत: कान हाताला खूप गरम लागणे, तोंड उघडून धापा टाकणे, तोंडाशी लाळ, हातपाय पसरून निपचित पडणे. अशा वेळी साध्या पाण्याने कान ओले करावेत, ओल्या फडक्यावर कूलरच्या झोतात ठेवावे आणि लगेच डॉक्टरांना फोन करावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, घशात जबरदस्तीने पाणी ओतू नये. डॉक्टरांशी निघण्यापूर्वी तुम्ही स्वतः बोलून या. तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी आणि शेळ्या अधिक येतात. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांकही मुख्यतः पशुपालकांच्या जनावरांसाठी आहे, सशासाठी त्याच्यावर विसंबून राहू नका. मागच्या पावसाळ्यात ज्यांनी राखुंडीला बरे केले त्यांना तुमच्या तारखा सांगा, ते स्वतः गावी जाणार असतील तर धुळ्याला किंवा जळगावला कोणाकडे न्यायचे ते विचारून घ्या. दोघींची वजने, मागचे औषध आणि खर्चाला तुमची संमती असल्याची दोन ओळींची चिठ्ठी मावशींकडे ठेवा, आणि सोबत थोडी रोख रक्कम. औषधांच्या दुकानातून विचारून आणलेले काहीही देऊ नये असे ठामपणे सांगा: तोंडावाटे दिलेले अ‍ॅमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकते, आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारा फिप्रोनिलचा फवारा सशाला विषारी आहे. डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली तर एकीलाच नेऊ नका. दोघींना एकाच टोपलीत न्या. सोबत असली की दुसरी तिला धीर देते, आणि परत आल्यावर अंगाच्या वेगळ्या वासावरून भांडणेही होत नाहीत.

गिनीपिगांचे वेगळे फारसे काही नाही, एक सोडून: माणसाप्रमाणेच त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज बाहेरून मिळावे लागते. वैशाखात ना पेरू चांगला मिळतो, ना आवळा; ढोबळी मिरचीचा एक उभा काप प्रत्येकाला रोज द्यावा. पाण्यात टाकायच्या थेंबांवर भिस्त ठेवू नये, पाण्यात ते जीवनसत्त्व फार काळ टिकत नाही. जागा वाचवायला त्यांना सशांच्या पिंजऱ्यात हलवू नये. सशाची एक लाथ गिनीपिगला पुरते.

हॅमस्टरला कोकणात नेऊ नका. दिवसा झोपणाऱ्या त्या जिवाला तापलेल्या गाडीत आठ-दहा तास हलवत नेण्यात मुलाची हौस भागेल, हॅमस्टरचे काही भले होणार नाही. त्याला संध्याकाळची एक फेरी पुरते. मात्र त्याचा पिंजरा याच गार खोलीत, सशांपासून लांब, टेबलावर ठेवावा. मुलाला वाईट वाटेल, तर हॅमस्टरच्या पुड्या त्याच्याच हाताने बांधून घ्या आणि मावशींना त्याच्याकडूनच शिकवू द्या. एक गोष्ट त्याने मावशींना आवर्जून सांगावी: हॅमस्टर दाणे गालात भरून घरट्यात लपवतो, त्यामुळे त्याची वाटी रिकामी दिसली म्हणजे तो जेवला असे समजायचे नाही, रात्री तो चाकावर फिरला का, हे भाच्याने सांगायचे. आणि पिंजऱ्याच्या दाराला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावून ठेवा, ती कडी तो दातांनी उघडतो.